कोंडाजी सुताराचे आपोआप फिरणारे चाक

मित्रांनो, मी एक जुने चाक आहे, पण कुठल्याही गाडीला मी कधी लागलो नाही. माझ्यावर लोखंडी धाव चढली नाही आणि माझ्याखालून कधी रस्ता गेला नाही. तरी एके काळी लोणावळ्याच्या बाजारातून, वळवणातून, थेट खंडाळ्यातून माणसे चालत मला बघायला येत आणि माझ्यासमोर हात जोडून उभी राहत. म्हणत, कुरवंड्याच्या कोंडाजी सुताराचे चाक बघा, बैल नाही, वारा नाही, माणूस नाही, आपले आपण फिरते.

मी आपणहून कधीच फिरलो नाही. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. पण चाकाला तोंड नसते. आज इतक्या वर्षांनी मी बोलतो आहे ते स्वतःचे कौतुक सांगायला नव्हे. माझ्या फिरण्यापायी एका बाईचा जीव गेला आणि आता गावातही तिचे नाव फारसे कोणी काढत नाही. म्हणून बोलतो आहे.

कुरवंडे हे कड्याच्या अगदी तोंडाशी वसलेले गाव. पावसाळ्यात इथे एवढे पाणी पडते की भिंतींना शेवाळ धरते, आणि होळी झाली की विहिरींचे तळ दिसू लागतात. सगळे पाणी घाटाखाली निघून गेलेले असते. मग बायका हंडे घेऊन दरीतल्या झऱ्यावर उतरतात. त्या काळी झऱ्याची वाट कड्याला चिकटून जात होती, एका वेळी एकच पाऊल मावेल एवढी.

मोठी लढाई संपून तिसरा उन्हाळा चालू होता. त्या वैशाखात कोंडाजीची बायको मुक्ताबाई झऱ्यावरून परत येत होती. मागून तिची नऊ वर्षांची मुलगी ठकू लहान कळशी घेऊन चालत होती. मुक्ताबाईने चालता चालता तिला काहीतरी विचारले. उत्तर आले नाही. तिने वळून पाहिले, तर वाटेवर नुसती चुंबळ पडलेली होती.

ठकू त्यांची एकुलती एक. तिला खालून वर आणायला गावातल्या माणसांना सबंध दुपार लागली.

तेरावा झाल्यावर अंबाजी पाटलाने चावडीवर गाव बोलावले. गावाबाहेर खडकात कोरलेले एक खोल, जुने टाके होते. ते पिढ्यानपिढ्या गाळाने भरत आले होते, आणि दर वर्षी गाव म्हणायचे, पुढच्या वर्षी उपसू.

"दिवाळी झाली का घरटी एक मानूस," पाटील म्हणाला. "टाकं उपसायचं म्हंजी उपसायचं. आता आनि कुनाची पोर जायला नको."

सगळ्यांनी माना हलवल्या. कोंडाजी त्या बैठकीला गेला नव्हता. तो मावळातला नावाजलेला सुतार होता. त्याने भरलेली चाके वराळे, आंबीपर्यंतच्या गाड्यांना होती. पण ठकू गेल्यापासून त्याने वाकस हातात धरला नव्हता. तो ओट्यावर बसून राही, वाढलेले ताट तसेच सरकवून देई, आणि कोणाशी एक शब्द बोलत नसे.

त्याच्या अंगणात गाडीचे एक अर्धवट चाक आसावर टांगलेले होते. एके दिवशी त्याच्या एका अंगाला ओल्या मातीचा गोळा चिकटला आणि चाक त्या जड बाजूने सरकन खाली वळले. कोंडाजीने ते पाहिले. उठून त्याने माती वर आणली आणि चाक सोडले. ते परत वळले. दिवेलागणीपर्यंत तो तेच करत होता.

"एक बाजू कायम जड ऱ्हायली पायजे," तो मुक्ताबाईला म्हणाला. "मंग चाक थांबायचंच न्हाई. त्याला पोहऱ्यांची माळ बांधायची. झऱ्याचं पानी आपसूक वर येतंय. कुनाला खाली उतराया नको."

पंधरा-वीस दिवसांत तो पहिल्यांदा बोलला होता. काय बोलला हे मुक्ताबाईला नीट कळले नाही. तो बोलला, एवढेच तिला पुरे होते.

त्या पावसाळ्यात कोंडाजीने मला घडवले. माझा मधला तुंबा बाभळीचा, आरे ऐनाचे, कड सागाची. उंचीला मी माणसाच्या छातीपर्यंत येत असे. मला बारा आरे होते, प्रत्येक आऱ्याच्या टोकाला बिजागरी, बिजागरीला एक आखूड हात आणि हातात शिशाचा गोळा. उजवीकडून खाली जाताना हे हात बाहेर पसरत आणि डावीकडून वर येताना दुमडून आत पडत. त्यामुळे उजवी बाजू नेहमी जड राहील, असा कोंडाजीचा हिशेब होता.

शिशाचे गोळे चाँदभाईने ओतून दिले. चाँदभाई लोणावळ्याला रेल्वेच्या इंजिनांच्या शेडमध्ये फिटर होता आणि कोंडाजीचा लहानपणापासूनचा मित्र होता. गोळे बसवून झाल्यावर तो माझ्याभोवती एक फेरी मारून आला.

"कोंडाजी, एक इचारू?" तो म्हणाला. "इंजनाला कोळसा लागतोय. बैलाला वैरन लागतीय. ह्याला काय लागतंय?"

"ह्याला काय लागत न्हाई. त्येच तर हाय."

चाँदभाईने आपली हत्यारे पिशवीत भरली. मित्राच्या डोळ्यांत बऱ्याच दिवसांनी जीव दिसत होता, तो त्याला विझवायचा नव्हता.

मला घराच्या बाहेरच्या खोलीत उभे केले. त्या खोलीच्या आणि स्वयंपाकघराच्या मध्ये कारवीच्या काड्यांचा कुड होता, शेणामातीने लिंपलेला. माझा आस माझ्याबरोबरच फिरे; त्याचे एक टोक कुडातून आरपार पलीकडे, चुलीच्या वर गेले होते. आस सरकू नये म्हणून कोंडाजीनेच त्या टोकात वीतभर लांबीची एक खुंटी आडवी ठोकली होती.

गौरी-गणपतीच्या आधी त्याने मला पहिल्यांदा ढकलले. मी फिरलो. गोळे टक टक करत पसरले आणि दुमडले. वीस फेरे झाले, तीस झाले. मग माझा वेग कमी होत गेला आणि मी डुलत डुलत थांबलो.

मित्रांनो, मी का थांबलो ते ऐका. उजवीकडचे गोळे लांब जात होते हे खरे, पण ते नेहमी मोजकेच असत. डावीकडचे आत दुमडलेले असत, पण संख्येने जास्त असत. शेवटी दोन्ही बाजू सारख्याच भरत. वर आसाची घासण होतीच. मला फिरायचे नव्हते असे नाही. प्रत्येक फेऱ्याला मला वाटे, या खेपेला जमेल. पण जे आपल्यात नाही ते आणायचे कुठून?

कोंडाजीने गोळे लहान केले, मोठे केले. हात लांबवले, वाकवले. आसाला एरंडेल चोळले. पितृपक्ष संपेपर्यंत त्याने मला कितीदा मोडले आणि जोडले याची गणती नाही. मी दर वेळी थांबलो. आणि मी थांबलो की कोंडाजी उठून बाहेर जाई. तो कुठे जातो हे मुक्ताबाईला दुसऱ्या खेपेला कळले. ठकूची चुंबळ जिथे सापडली होती, तिथे कड्याच्या टोकावर तो पाय सोडून बसत असे. ती जाई, त्याच्या मागे उभी राही आणि म्हणे, "चला, भाकरी निवतीय." तो येई. पण प्रत्येक वेळी त्याला उठवायला तिला जास्त वेळ लागू लागला.

घटस्थापनेच्या सुमाराची एक सकाळ. मुक्ताबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. कुडाच्या अलीकडे कोंडाजीने मला ढकलले. पलीकडे तिच्या डोक्यापाशी आसाचे टोक फिरत होते. ते हळूहळू मंद होत चालले. खुंटी वर चढली आणि अडखळली. आता हे थांबेल, आणि थांबले की ते उठून कड्यावर जातील, असे तिच्या मनात आले. मुक्ताबाईने पिठाचा हात पुढे केला आणि खुंटी खाली ओढली.

एवढेच झाले. मी पुढे गेलो. पुढच्या फेऱ्याला तिने परत ओढली, आणि परत. अलीकडे कोंडाजी फेरे मोजत होता. साठ झाले, ऐंशी झाले, शंभर झाले, आणि तो मोठ्याने हसला. वैशाखानंतर त्या घरात कोणी हसले नव्हते.

त्या हसण्याने मुक्ताबाई अडकली. तो हसायचा थांबेल म्हणून ती हात काढू शकली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने सुताचा एक दोर वळला. त्याचे एक टोक खुंटीला बांधले, दुसऱ्या टोकाचा फास करून उजव्या पायाच्या अंगठ्यात घातला. हात भाकरीला मोकळे राहिले. एका फेऱ्याला एक हिसका दिला की मी चालत राही. कोंडाजी जेवायला आत आला की ती फास काढून दोर आसावर गुंडाळी आणि त्यावर फडके टाकी. मी तेवढ्यापुरता अंगच्या वेगाने फिरत असे. मग ती म्हणे, "त्याला पाचर लावा आता. देवालासुदिक निजवत्यात." कोंडाजीला ते पटे आणि तो मला बांधून ठेवी.

खंडेनवमीला कोंडाजीने हत्यारांबरोबर माझीही पूजा केली. झेंडूची माळ माझ्या कडेवर चढवली आणि सगळ्या गावासमोर मला सोडले. मी फिरत राहिलो. म्हाताऱ्या बायकांनी माझ्यावरून हात ओवाळून बोटे मोडली. पाटील दोनदा माझ्याखाली वाकून बघून आला. कुडापलीकडे पुरणाचा घाट घातलेली मुक्ताबाई चुलीपाशी बसली होती. तिला बाहेर बोलावले, तर ती म्हणाली, पोळ्या करपतील.

मग बातमी पसरली. लोणावळ्याचे दुकानदार आले, शाळामास्तर आले, बंगल्यांवर हवा खायला आलेले पाहुणे आले. कोंडाजी सगळ्यांना समजावून सांगे. त्याने एक गोष्ट हेरली होती. मी सकाळ-संध्याकाळ बरा चालतो आणि दुपारी कधी कधी थांबतो. "गार हवा मानवतीय त्याला," तो सांगे. दुपारी मुक्ताबाई विहिरीवर पाण्याला जाते, हे त्याच्या डोक्यात आले नाही.

एकदा ती पाण्याला गेली असताना दहा-बारा माणसे आली. कोंडाजीने मला ढकलले आणि मी तीस फेऱ्यांत थांबलो. कोणीतरी तोंड फिरवून हसले. ती परत आली तेव्हा घरात माणसे नव्हती आणि कोंडाजीही नव्हता. हंडा तसाच टाकून ती कड्याकडे पळाली.

त्या दिवसापासून मुक्ताबाईने घर सोडले नाही. शेजारची विठाबाई तिच्यासाठी रोज एक हंडा आणून टाकू लागली.

"तुजं बरंय बाई," विठाबाई एकदा हंडा उतरवत म्हणाली. "नवरा नावाजला आन् तू मालकीन झालीस. आमी हायेच पानी भराया."

मुक्ताबाई भाकरी थापत राहिली. फास तेव्हाही तिच्या पायात होता, लुगड्याच्या काठाखाली.

दिवाळी झाली. तिसऱ्या दिवशी पाटील काही माणसांना घेऊन आमच्या ओट्यावर आला. मुक्ताबाई कुडाआडून ऐकत होती.

"कोंडाजी, टाक्याचं काम ऱ्हाऊ दे म्हनतो," पाटील म्हणाला. "दोन म्हयने गाव गाळात राबवायचं, त्यापरीस तुजं मोटं चाक उभं करू. घरटी मानूस त्याच कामाला लावतो. साग कुटला तोडायचा ते तू सांग."

"शिमग्याच्या आत झऱ्याचं पानी वर आनतो, आबा," कोंडाजी म्हणाला. "ठकूच्या नावानं आनतो."

त्या वेळी मी फिरत होतो. पलीकडून येणारा हिसका एकदम चुकला. मी डळमळलो. मग दोर परत ताणला गेला.

त्या संध्याकाळी कोंडाजी दोन भाकऱ्या जास्त जेवला. जेवताना ठकूच्या लहानपणीच्या गोष्टी सांगत होता. मुक्ताबाईने तीनदा तोंड उघडले आणि तीनदा त्याच्या ताटात काहीतरी वाढले.

मार्गशीर्ष लागला. कोंडाजी माणसांना घेऊन जंगलात साग निवडायला जाऊ लागला, आणि घरी आला की पाहुण्यांसमोर मला सोडू लागला. मुक्ताबाईचा अंगठा दोराने काचून काचून फाटला होता. ती त्यावर हळद भरी आणि परत फास घाली. घर मातीचे, चूल राखेची, गोठा शेजारी. जखमेवर खपली धरत नव्हती.

एके दिवशी कोंडाजी जंगलात असताना चाँदभाई आला. मुक्ताबाईने त्याला ओट्यावर पाणी आणून दिले. ती लंगडत होती.

"वैनी, पायाला काय झालं?"

"चुलीतलं लाकूड पडलं."

"लाकूड पडलं तर भाजतंय. ह्यो दोराचा काच हाय. म्या जनम दोर-साखळ्यांत काढला." मग हळू आवाजात म्हणाला, "कवापासनं?"

मुक्ताबाई उंबऱ्यावर बसली. "दसऱ्याच्या आदीपासनं."

"त्याला म्हाईत हाय?"

"न्हाई. ते कड्यावर जाऊन बसायचे, भाऊ. एक दिस मी पोचले नसते तर?"

चाँदभाईने भिंतीला टेकवून ठेवलेल्या सागाच्या फळ्यांकडे पाहिले. "आन् आता टाकंबी ऱ्हायलं. उन्हाळ्यात बाया परत त्याच वाटंनं उतरनार."

"त्येच डोळ्यांम्होरं येतंय. रोज येतंय."

"मग सांगून टाका. न्हाईतर मी सांगतो."

"तुमी नको," ती म्हणाली. "तुमच्याकडनं कळलं तर त्येंला जग हसल्यावानी वाटंल. माजं मी सांगते. चार दिस द्या. मोटं चाक उभं ऱ्हायच्या आत सांगते."

चाँदभाईने चार दिवस दिले. पुढे आयुष्यभर तो त्या चार दिवसांबद्दल स्वतःला दोष देत राहिला.

तिसऱ्या दिवशी मुक्ताबाईला ताप भरला. पाय गुडघ्यापर्यंत सुजला. तिने ठरवले असावे की उद्या सकाळी सांगायचे, कारण त्या दिवशी तिने कधी नव्हे ते कोंडाजीला म्हटले, "उद्या जंगलात जाऊ नका. बोलायचं हाय." सकाळ झाली तेव्हा तिचा जबडा आवळला होता. दात उघडेनात. मान ताठ झाली. विठाबाईने वैद्याला बोलावणे पाठवले. तो आला, त्याने पाय पाहिला, धनुर्वात म्हणाला आणि खाली बघत बाहेर गेला.

त्याच दिवशी पाटील वरसोलीच्या पाहुण्यांना मला दाखवायला घेऊन आला. कोंडाजीने मला ढकलले. मी तीस फेऱ्यांनी थांबलो. परत ढकलले. परत थांबलो. पाहुणे उठून गेले. पाटील म्हणाला, "कोंडाजी, हे काय? पन्नास साग पाडलेत गावानं."

कोंडाजीने मला जागेवरून न उतरवताच खोलायला घेतले. बिजागऱ्या काढल्या, गोळे तोलले, आसाला परत एरंडेल चोळले. आत मुक्ताबाईला झटके येत होते. मधल्या वेळात तिची शुद्ध असे. तेव्हा ती डोळे विस्फारून कुडाकडे बघे, आसाच्या टोकाकडे बोट उचलायचा प्रयत्न करी आणि आवळलेल्या दातांतून आवाज काढी.

"व्हय, व्हय," कोंडाजी तिच्या कपाळावर हात ठेवून म्हणे. "चाक बंद पडलंय, म्हाईत हाय मला. तू काळजी करू नगंस. दुरुस्त करतोय."

आणि तो परत माझ्याकडे येई. मित्रांनो, माझ्यात दुरुस्त करण्यासारखे काही नव्हते. ते मला ठाऊक होते, आणि तिला ठाऊक होते. तिचे तोंड बंद झाले होते आणि मला तोंड नव्हते. तीन दिवस तो आमच्या दोघांमध्ये येजा करत राहिला. लोणावळ्यात चाँदभाईला यातले काही ठाऊक नव्हते. तिसऱ्या दिवशी उन्हे कलताना विठाबाईने आतून त्याला हाक मारली. त्याच्या हातात तेव्हा शिशाचा गोळा होता. तो गोळा हातात घेऊनच आत गेला.

मुक्ताबाईला अंघोळ घालताना विठाबाईला तिच्या अंगठ्याभोवतीचा खोल काच दिसला. तिला काही उमगले नाही, पण ते तिच्या मनात राहिले. दहावा झाल्यावर ती कोंडाजीला म्हणाली, "भाऊ, तिच्या पायाला दोर कसला बांधलावता?"

कोंडाजी स्वयंपाकघरात गेला. आसावरचे फडके त्याने उचलले. खाली दोर गुंडाळलेला होता, पिठाने पांढरा आणि फासाशी काळा पडलेला.

मग तिच्या पाटावर बसला. दोर सोडला. फास आपल्या पायात घातला आणि ओढला. अलीकडे मी एक फेरा घेतला. त्याने परत ओढला. गोळे टक टक वाजू लागले. आजवर तो कायम माझ्यासमोर बसून ते ऐकत आला होता. आता तो चुलीपाशी बसून कुडाआडून ऐकत होता. शंभर फेरे होईपर्यंत तो ओढत राहिला. त्याच्या अंगठ्याची कातडी गेली तरी त्याने पाय काढला नाही. चाँदभाई आला आणि त्याने दोर सोडवला.

"तुला ठावं व्हतं?" कोंडाजीने विचारले.

"व्हय. तिची दातखीळ बसायच्या चार दिस आदीपासनं. ती गेल्यावर सांगायचा धीर झाला न्हाई."

कोंडाजी उठला. दोर घेऊन तो चावडीवर गेला. गाव जमल्यावर त्याने तो मध्ये ठेवला आणि काय झाले ते सांगितले. लपवायची सोय त्याला होती. चाक बिघडले म्हणाला असता तर कोणी विचारले नसते. त्याने सगळे सांगितले.

लोक चिडले. पाडलेला साग, गेलेले दोन महिने, तोंडावर आलेला उन्हाळा. नथू नावाचा एक जण म्हणाला, "बाईनं गावाला फशिवलं."

"तिला बोलू नगंस," कोंडाजी म्हणाला. "फशी म्या पडलो, आपल्या मनानं पडलो. म्या कवाच पलीकडं बगितलं न्हाई. दोन पावलं व्हती."

विठाबाई बायकांत बसून रडत होती.

पौष सरता सरता टाके उपसायला सुरुवात झाली. कोंडाजी पहिल्या दिवशी एकटाच फावडे घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी चाँदभाई शेडमधली पाळी संपवून आला, तिसऱ्या दिवशी पाटील, मग हळूहळू बाकीची घरे. पण वेळ निघून गेली होती. अर्धाच गाळ निघाला आणि पाणी लागले ते पंधरा दिवसांत आटले. त्या उन्हाळ्यात बायका पुन्हा झऱ्याच्या वाटेने उतरल्या. रतनबाई नावाची पहिलटकरीण घसरली. ती वाचली, पण तिचा पाय मोडला आणि पोटातले गेले. कोंडाजी तिच्या दारात जाऊन उभा राहिला. तिच्या सासूने दार लावून घेतले.

टाके पुढच्या वर्षी तळापर्यंत उपसले. मग कोंडाजीने मला घरातून काढले. माझे बारा हात आणि बारा गोळे त्याने उतरवले आणि मला टाक्याच्या तोंडावर, दोन दगडी खांबांमध्ये बसवले. माझ्या आसावर पोहऱ्याचा दोर गुंडाळला. मी रहाट झालो. मला ओढल्याशिवाय मी फिरत नव्हतो, आणि ओढणारा सगळ्या गावाला दिसत होता. पहिली काही वर्षे तो ओढणारा कोंडाजीच असे. बायका हंडे घेऊन रांगेत उभ्या राहत आणि तो एकेक पोहरा वर आणी. त्याच्याशी कोणी फारसे बोलत नसे. रतनबाई लंगडत येई, तेव्हा तिचा हंडा तो स्वतः तिच्या घरापर्यंत नेऊन ठेवी. तिच्या सासूने त्याला आत बोलावले नाही, आणि त्याने तशी अपेक्षाही केली नाही. गाडीचे चाक त्याने परत कधी भरले नाही. दुसरी लढाई सुरू झाली त्या वर्षी पावसाळ्यात तो वारला.

मी अजून आहे. आता टाक्यावर लोखंडी कप्पी आली आहे. मला खांबांतून काढून कुंपणाला टेकवून ठेवले आहे. माझी कड उकलली आहे, तुंब्यात मुंग्यांनी घर केले आहे, आणि येत्या हिवाळ्यात कोणीतरी मला शेकोटीत घालेल. त्याचे मला दुःख नाही. लाकडाची निगा ठेवा, एवढेच सांगायचे असते तर मी तोंड उघडले नसते.

मित्रांनो, तुमच्याही घरात काही गोष्टी आपोआप होत असतील. ताट वेळेवर समोर येत असेल, हंडा भरलेला असेल, धुतलेले कपडे घडी होऊन पेटीत बसत असतील. ते बघून तुम्हाला बरे वाटत असेल, जसे कोंडाजीला माझ्यासमोर बसून वाटत होते. एकदा उठा आणि पलीकडे जा. तिथे जी कोणी बसली असेल तिला लगेच काही विचारू नका, ती सांगणार नाही. आधी तिच्या पायांकडे बघा.